पत्र्याचा आवाज

८ फेब्रुवारी

आई,

नमस्कार-चमत्कार शेवटी. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे पत्र मी माफी मागायला लिहीत नाहीये. दादाचा फोन आला होता. म्हणाला, आई नीट जेवत नाही, नुसती खिडकीशी बसून असते, तू एकदा सॉरी म्हण आणि मिटवून टाक. मी म्हटलं, मिटवायला ही काय पाटी आहे? त्याने फोन आपटला.

दुसरी गोष्ट. हे पत्र माझ्या हातचं आहे. मी सांगितलं आणि कुणी लिहिलं, असं नाही. अक्षर न् अक्षर मी स्वतः बडवलंय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, पण ते माझं मी चुकलेय. जन्मात पहिल्यांदा माझ्या पत्रात तुझं शुद्धलेखन नाही. शाळेतले निबंध तू लिहिलेस, कॉलेजची पुस्तकं तू वाचलीस, नोकरीचा अर्ज तू भरलास. आणि त्या इंजिनियरचं पत्र? जगात दुसरी कुणी असेल का, जिने आपलं प्रेमपत्र आईच्या आवाजात ऐकलं? तेही मधे मधे "मेल्याने इथे वेलांटी चुकवलीय" असं ऐकत? उत्तरही तुझ्याच अक्षरात गेलं. तो पळाला यात नवल ते काय!

हसलीस ना? मग आता न हसता पुढचं वाच.

दादाला तू सांगितलंस की वाचून दाखवणारं यंत्र आलं आणि आई नकोशी झाली. खोटं आहे. तेव्हा घरात यंत्र नव्हतंच. झालं ते असं. ती बालवाडीतली बाई हिवाळाभर माझ्याकडे हॉस्पिटलात समुपदेशनाला येत होती. दार लावून, रडू आवरत, एकेक शब्द तोलून बोलायची. संध्याकाळी घरी येऊन मी तुला सांगायचे आणि तू माझी नोंद लिहायचीस. आई म्हणजे काय परकी आहे, अशी मी माझी समजूत घातली होती. मग ती तुला औषधांच्या दुकानात भेटली. तू तिच्या पाठीवर हात ठेवलास आणि विचारलंस, "झोप लागते का गं आता? आणि घरातला त्रास?" तिच्या शेजारी तिची जाऊ उभी होती.

तू मायेने विचारलंस. ते मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून ती आलेली नाही. घरात तिचं काय झालं असेल, ते तूही जाणतेस आणि मीही.

म्हणून मी म्हटलं की उद्यापासून माझ्या नोंदींना हात लावायचा नाही. त्यावर तू म्हणालीस, "तीस वर्षं माझे डोळे वापरलेस आणि आता परत करतेस होय?" आणि बॅग भरून दादाकडे निघून गेलीस. वाक्य जोरदार होतं, मानलं. पण मी शब्द मागे घेत नाही.

आता हॉस्पिटलची बातमी. मोठ्या डॉक्टरांनी फतवा काढलाय की एप्रिलपासून सगळ्या नोंदी संगणकावर. मला विचारलं, तुमच्या कोण करणार? मी म्हटलं, मीच. ते हसले. वाईट नाही हसले, लहान मूल "मी स्वयंपाक करते" म्हणालं की हसतात तसं. म्हणाले, एक मदतनीस देतो. मी म्हटलं, पेशंट मला सांगतात, मदतनिसाला नाही. मग त्यांचा आवाज बदलला. मार्चअखेर करून दाखवा, नाहीतर एकेकट्या पेशंटचं काम दुसऱ्याकडे देऊ, तुम्ही गटाचे वर्ग घ्या. म्हणजे वीस जणांना एकत्र बसवून श्वास घ्या, श्वास सोडा. आई, मी त्यासाठी शिकले नाही.

हे पत्र कुठे टाइप केलं? रेडिओच्या बँकेत. रेडिओ म्हणजे माझा मित्र, माझ्यासारखाच ठार आंधळा, कर्जविभागात अधिकारी आहे, आणि एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडत नाही. दोन वर्षं दर रविवारी मी त्याच्याकडे टायपिंग शिकत होते. तुला वाटायचं मी गाण्याला जाते. हे कबूल करत नाहीये, कळवतेय.

तुझी,
धाकटी


१९ फेब्रुवारी

आई,

दादाने लॅपटॉप पाठवला आणि मी तो परत केला. त्याने तुझ्याजवळ किती आरडाओरडा केला असेल, याचा मला अंदाज आहे. आता माझी बाजू ऐक.

खोका उघडला. यंत्र चपटं, थंडगार, पाटीसारखं. दादा फोनवर, "बघ, बघ, सगळ्यात भारी आहे. पडदा काय सुंदर आहे! बोटाने नुसतं सरकवायचं." मी म्हटलं, दादा, पडद्यावर मी ओला टॉवेल वाळत घालू का? मला पडदा दिसत नाही. मला कळा लागतात. या पाटीच्या कळा एकमेकींना चिकटलेल्या, बोट ठेवलं तरी समजत नाही की कुठली कुठे संपली. वरच्या ओळीत तर कळाच नाहीत, एक गुळगुळीत पट्टी आहे आणि तिच्यावर म्हणे चित्रं उमटतात. इअरफोनची वायर घालायला भोक नाही. बाजूला आकड्यांच्या कळा नाहीत, आणि माझे निम्मे हुकूम त्यांच्यावरच चालतात.

दादा म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तरी तुझी कुरकुर!"

मी म्हटलं, "मी डोळा मागितलाच नव्हता. मी कळफलक मागितला होता."

मग वहिनीने फोन घेतला. "अगं, प्रेमाने दिलंय ना त्यांनी." प्रेमाने! आई, आपल्या घरात सगळे मला प्रेमाने देतात आणि मला काय हवं ते कुणी विचारत नाही. चष्मा लागलेल्या माणसाला शेजाऱ्याचा चष्मा प्रेमाने दिला तर तो घालून फिरेल का? दादाला घड्याळ घ्यायचं होतं तेव्हा तो तीन दुकानं फिरला होता. मी मात्र मिळेल ते मनगटावर बांधायचं आणि वर वाहवा म्हणायचं.

तू म्हणशील, धर्माची गाय आणि दात का गं नाय. तर हो, मी दात मोजणार. कारण या गाईबरोबर मला रोज आठ तास राहायचं आहे.

धाकटी


४ मार्च

आई,

यंत्र घेतलं. माझ्या पैशांनी, माझ्या पसंतीने, एकटीने जाऊन. कसं ते सांगते, कारण हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. रेडिओला सांगायला गेले तर तो स्वतःचीच खरेदी सांगत बसतो.

दुकानात शिरले. विक्रेता पोरगेलाच होता. त्याने मला सोडून माझ्या मागून आत आलेल्या एका गृहस्थाला विचारलं, "मॅडमना काय हवंय?" तो गृहस्थ गांगरला. म्हणाला, "मी यांच्यासोबत नाही." विक्रेत्याने मग हवेला विचारलं, "मॅडमच्या सोबत कोण आहे?"

मी म्हटलं, "मॅडमच्या सोबत मॅडम आहेत. बोला."

त्याला म्हटलं, दुकानातले सगळे लॅपटॉप एका रांगेत मांड आणि चालू कर. पिशवीतून रेडिओने दिलेला पेनड्राइव्ह काढला. त्यात तो प्रोग्रॅम होता, स्क्रीन रीडर म्हणतात त्याला, पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवतो. यंत्राला पेनड्राइव्ह लावायचा, इअरफोन कानात घालायचा आणि दोन ओळी टाइप करायच्या. एक यंत्र इतकं मंद की मी "माझे" लिहून थांबले तेव्हा त्याचं "मा" आलं. एकाच्या कळा दाबल्या की चिखलात पाय घातल्यासारखं वाटायचं. एकाचा पंखा इतका घोंघावत होता की पेशंटला वाटलं असतं बाईंनी दळण आणलंय. विक्रेता सारखा म्हणे, "मॅडम, डिस्प्लेचे रंग तरी बघा." मी म्हटलं, रंग तू बघ आणि मला सांग कुठल्याच्या एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे ठसठशीत आहेत. तो वाकला. पहिल्यांदाच त्याने कळफलकावरून बोट फिरवलं असावं. म्हणाला, "अरे, हे उंचवटे असतात होय?"

शेवटी जे घेतलं ते जाड आहे, जड आहे, जुन्या घडणीचं आहे. विक्रेत्याला वाईट वाटत होतं. "हे कुणी घेत नाही मॅडम." कळा ऐसपैस, बाजूला आकडे, इअरफोनला जागा, आणि दिवसभर चार्जरवाचून चालतं. हातात घेतल्याबरोबर मला कळलं, हे माझं. तुझी पोळपाटाची निवड अशीच असते ना? तू दुकानात पोळपाट उचलून हलवतेस आणि दुकानदाराला भाव न विचारता म्हणतेस, हा द्या.

यंत्र झालं. खरी हाणामारी आवाजावरून झाली.

हॉस्पिटलच्या संगणकवाल्याने एक महागडा प्रोग्रॅम आणून ठेवला होता. त्यात एक बाई बोलते. इतकी गोड, इतकी माणसासारखी की मधे श्वाससुद्धा घेते. मोठे डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "ऐकायला किती छान! हाच ठेवा." मग मी पेनड्राइव्हवरचा लावला. तो पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. सगळे हसले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "अहो, याने डोकं उठेल."

मी संगणकवाल्याला विचारलं, "तुमची गोड बाई राहते कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिचा आवाज या यंत्रात तयार होतो का?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला की नाही, शब्द इंटरनेटवरून कंपनीकडे जातात आणि आवाज होऊन परत येतात. सेकंदसुद्धा लागत नाही.

"म्हणजे माझ्या पेशंटने मला दार लावून जे सांगितलं, ते आधी कंपनीकडे जाणार आणि मग माझ्या कानात येणार."

"मॅडम, ते सुरक्षित असतं."

आई, सुरक्षित काय असतं ते तू आणि मी औषधांच्या दुकानात शिकलोय. मी म्हटलं, मला पत्र्याचाच हवा. तो या डब्यात जन्मतो आणि या डब्यात मरतो. शिवाय तो पळतो. गोड बाई नटून-थटून एक वाक्य म्हणेपर्यंत हा आख्खं पान वाचून मोकळा होतो. मला सोबत नकोय, मला वाचक हवाय.

मोठे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही फार हट्टी आहात."

मी म्हटलं, "हो. आईवर गेलेय."

धाकटी


१६ मार्च

आई,

तुझं पाकीट मिळालं. जाडजूड आहे. चार पानं तरी असतील. वाचलेलं नाही.

तू हाताने लिहिलंस. तुला ठाऊक आहे की माझ्या यंत्राला तुझं हस्ताक्षर कळत नाही. हे मुद्दाम केलंस की सवयीने, ते तुझं तू जाण. मी ते पाकीट माझ्या कपाटात ठेवलंय आणि कुणाला दिलेलं नाही.

इथे फजिती झाली. हॉस्पिटलचा नोंदींचा नवा प्रोग्रॅम काल सुरू केला. मोठे डॉक्टर, मोठ्या सिस्टर, संगणकवाला, सगळे माझ्या खुर्चीभोवती. मी कळ दाबली. पत्र्या म्हणाला, "बटण." पुढे गेले. "बटण." पुढे. "बटण." बटण, बटण, बटण! कुठलं कशाचं, काही नाही. जतन करायचं कुठलं, पुसून टाकायचं कुठलं, देवाला ठाऊक. सिस्टर हळूच म्हणाल्या, "जाऊ दे गं, मदतनीस घे ना." मोठे डॉक्टर काही बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. हे तुला सांगायचं नव्हतं, पण टाइप झालं, आता पुसत नाही. तोंड धुताना मला वाटलं की तू असतीस तर एव्हाना पेन काढून बसली असतीस, आणि किती बरं झालं असतं. खरंच वाटलं. मग टॉवेलने तोंड पुसलं आणि संगणकवाल्याच्या खोलीत गेले.

त्याला म्हटलं, "तुझा पडदा बंद कर."

"कशाला?"

"कर तर. आता इअरफोन घाल आणि एका पेशंटचं नाव नोंदवून दाखव."

त्याने पाच मिनिटं खटपट केली. मग पडदा चालू करायला गेला, तर त्याचा हात माझ्या हातावर आला; बटण मी झाकूनच ठेवलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, यात काही कळतच नाही!"

"मग आंधळं कोण आहे, मी की तुझा प्रोग्रॅम? तू बटणांवर चित्रं काढलीस आणि त्यांची नावं ठेवलीच नाहीस. बारसं कर त्यांचं."

त्याने कळा बडवून काहीतरी तपासलं. मग म्हणाला, नावं घालता येतात, कुणी सांगितलंच नव्हतं. आता बघू. अर्धा मार्च सरलाय.

धाकटी


२७ मार्च

आई,

परवाच्या फोनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण फोनवर आपण दोघीही नीट बोललो नाही.

तू विचारलंस, "वाचलंस का पत्र?" मी म्हटलं नाही. तू म्हणालीस, "एवढी कसली घमेंड? घ्यायचंस कुणाकडून तरी वाचून. तुझी ती सिस्टर आहे, शेजारीण आहे." मी म्हटलं, बरं, उद्या शेजारणीला देते. आणि तू किंचाळलीस, "नको नको! तिला नको! त्यात वहिनीबद्दल लिहिलंय!"

तुझ्याकडे मागे नळ वाहत होता, तो तू बंद केलास, तेवढं ऐकू आलं.

आई, मी हसले नाही याची नोंद घे. तुला काय वाटलं असेल ते मला कळत होतं. कुणीतरी परक्याने, कितीही चांगल्या मनाने, ते चार कागद उघडून वाचले असते आणि जिन्यात भेटल्यावर तुला विचारलं असतं, "काय हो, सून अजून तसंच वागते का?" मी एवढंच म्हणत होते. त्या दिवशीही एवढंच म्हणत होते, फक्त ओरडून म्हणाले.

मग तू हळू आवाजात ते सगळं पत्र मला सांगितलंस. दादा घरात नव्हता, वहिनी गच्चीवर होती. तू काय सांगितलंस ते मी इथे लिहीत नाही. वर लिहिलं तेवढंही जास्तच झालं, वाचून फाडून टाक; हे पत्र दादाच्या पत्त्यावर येतंय, आणि पाकीट कोण फोडेल याचा भरवसा नाही.

इथली बातमी चांगली आहे. संगणकवाल्याने सगळ्या बटणांचं बारसं केलं. एकाला चुकून "नवीण पेशंट" असं नाव ठेवलंय, पण बाळ गुटगुटीत आहे. काल पुन्हा सगळे जमले. मोठ्या डॉक्टरांनी एक जुनी, टाइप केलेली केस उघडून दिली आणि म्हणाले, वाचा आणि सारांश लिहा. पत्र्याला मी फुल वेगात सोडलं. केस वाचली, सारांश लिहिला, जतन केला. डॉक्टरांनी स्वतःच्या खोलीतल्या संगणकावर जाऊन तो पाहिला. परत आले आणि म्हणाले, "एवढ्या वेळात माझी केस वाचूनही झाली नसती." मग खाकरून म्हणाले, "पेशंट तुमच्याचकडे राहतील." सिस्टरनी टाळी वाजवली. मी पटकन इअरफोन काढायला गेले आणि वायर यंत्रातूनच उपटली गेली.

पत्र्या भर खोलीत मोठ्याने बोलू लागला. माझ्या पेशंटची केस! कळ दाबून त्याचा गळा आवळेपर्यंत त्याच्या दोन-चार ओळी होऊन गेल्या होत्या. दारात वॉर्डबॉय उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, यंत्रात माशी अडकलीय का?"

कुणालाच एक अक्षर कळलं नव्हतं. त्या वेगात फक्त मला कळतं. गोड बाई असती तर आख्ख्या वॉर्डाला गोष्ट ऐकू गेली असती. तरीही रात्रभर मला चुटपुट लागून राहिली, आणि आता वायर काढायच्या आधी आवाज बंद करायचा, हे मी बोटांना शिकवलंय. जी चूक तुझी, तीच माझ्या हातूनही होऊ शकते. फरक एवढाच की माझी मला सुधारता येते.

धाकटी


९ एप्रिल

आई,

बालवाडीतली बाई परवा आली.

मी तिला बोलावलं नव्हतं, फक्त बालवाडीच्या पत्त्यावर, बंद पाकिटात दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या, की तुझी नोंद आता फक्त मी लिहिते आणि फक्त मी वाचते, यायचं की नाही ते तू ठरव. ती दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही, मग वाचतं कोण? खरं सांगा."

मी इअरफोन तिच्या हातात दिला आणि तिच्यासमोर तिचीच, मी आठवून पुन्हा टाइप केलेली नोंद लावली. तिने थोडा वेळ ऐकलं. "हे काय? ही भाषा कुठली?"

"आपलीच आहे. जोरात पळते."

ती हसली, आई. हिवाळाभर मी तिचं रडणं ऐकलं, हसणं परवा ऐकलं. मग तिने दार आतून लावून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

काल फोनवर तू विचारलंस, "मग, काय म्हणाली ती?" मी म्हटलं, "आई." एवढंच. तू थांबलीस. मग म्हणालीस, "बरं बाई. नाही विचारत. तू जेवलीस का?" तुला लागलं असेल. लागू दे. पण तू नाही विचारलंस, आणि फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून होते.

आता दादा म्हणतो, आईला परत ने, तिचं इथे मन लागत नाही. आणि तू म्हणतेस, "येऊन करू काय? तुझं तर माझ्यावाचून काही अडत नाही."

खरंय. अडत नाही. नोंदी मी लिहिते, पत्रं मी वाचते, विजेचं बिल मी भरते. परवा दुकानातून साडीसुद्धा मी एकटीने आणली, आणि रंग कुठला ते दुकानदाराने सांगितलं तेवढ्यावर विश्वास ठेवलाय. तू आलीस तर माझ्या टेबलाला हात लावायचा नाही, कुणी रस्त्यात भेटलं तर त्याची चौकशी करायची नाही, आणि मी टाइप करताना मागे उभं राहायचं नाही. तुझी खोली झाडून ठेवलीय. संध्याकाळी दारात मला उशीर का झाला म्हणून कुणी भांडत नाही, ते जरा ओकंओकं वाटतं.

तुझ्यावाचून माझं काही अडत नाही, आई. म्हणून तर ये म्हणतेय. अडलं असतं तर हट्टापायी बोलावलं नसतं.

सकाळच्या गाडीने ये. दादाला सोबत येऊ देऊ नकोस. स्टँडवर उतरवून घ्यायला मी येते. बॅग मात्र तुझी तू उचल, माझ्या एका हातात काठी असते आणि दुसऱ्या हाताने मी तुला धरणार आहे.

धाकटी